फारकत

शैलजा हुडगे आली तेव्हा
मी यंत्राच्या पोटात डोकं घालून होतो.
आधी तिचे पांढरे बूट दिसले.
नळेगाव रोडवरच्या शेडमध्ये पांढरं काही
फार वेळ पांढरं राहत नाही,
तुरीचं फोलपट कुणाचा हुद्दा बघत नाही.

बारा वर्षांपूर्वी हिनेच पैसे लावले होते
माझ्या यंत्रावर, जे डाळीतला काळा दाणा
डोळ्याने हेरतं, फुंकरीने उडवतं,
आणि ज्याचं काही ठरत नाही तो दाणा
पुन्हा वर पाठवतं, दुसऱ्या फेरीला.
एक कोटी वीस लाख.
उदगीरच्या टपऱ्यांवर तो आकडा
चहा गार होईपर्यंत चघळला गेला.

दर तिमाहीला फोन यायचा,
पुण्याहून, नाहीतर कुठल्या तरी विमानतळावरून.
'स्केल होईल का, जब्बार?'
'तराजू आहे की, मॅडम. दोन टनांचा.'
ती हसायची नाही.
तेव्हा ती नाही म्हणायची तर तोंडावर,
पाटी पुसावी तसं.
तिसऱ्या वर्षी तिच्या वहीत माझ्यापुढे शून्य पडलं.
यंत्र मात्र चालूच राहिलं,
त्याला कुणी कळवलं नव्हतं.

आता सरकार तिला राजदूत करून पाठवतंय
त्या देशात, जिथून आपल्या मोंढ्यात तूर येते,
समुद्रावरून, पोत्यावर पोर्तुगीज अक्षरं घेऊन.
बारीक दाणा, तांबूस.
माझ्या यंत्राला आधी तो सगळाच खडा वाटायचा.
सात वेळा डोळा बदलला त्याचा,
तेव्हा कुठे परकं आणि खराब
यांतला फरक त्याला कळला.
हे तिला सांगितलं. ती बराच वेळ
पट्ट्याकडे बघत उभी राहिली.

काम असं होतं:
रुजू होण्याआधी हात मोकळे हवेत.
बेंगळुरूचे, गुडगावचे हिस्से तासाभरात खपले.
'तुझा तेवढा राहिला, जब्बार. कुणी घेईना.'
म्हणून तो मीच घ्यायचा. किंमत एक रुपया,
कारण शून्याला कायदा किंमत मानत नाही.
कागदावर लांबलचक इंग्रजी मथळा होता.
अब्बा असते तर एका शब्दात म्हणाले असते,
फारकत.

पण रुपया कुणाकडे असतो आता?
गल्ल्यात वजनं, फ्यूज, दोन सुटे स्क्रू.
तिने पर्स उघडली. सोबतचा वकील म्हणाला,
'तुम्हीच दिलात तर व्यवहार होत नाही.'
शेवटी हमाल निवर्तीने कमरेची पिशवी सोडली
आणि ठणकावून विचारलं, 'व्याज?'

सही करताना पत्र्याच्या फटीतून किल्ला दिसत होता.
तीही इथल्याच शाळेची, माझ्या दोन वर्ग पुढे.
इथे तह झाला, एवढं धड्यात होतं;
दोन्हीकडच्या वकिलांची नावं परीक्षेला नव्हती.
'तिथे काय करणार?'
'पहिले सहा महिने लोकांकडे जेवायला जायचं,' ती म्हणाली,
'आणि कमी बोलायचं.'
कमी बोलण्याचा पगार!
निवर्ती हे आठवडाभर सांगत फिरला.

निघताना मी म्हटलं, तिकडच्या पोत्यात
दर खेपेला दीड किलो कमी भरतं,
कुणाला तरी विचारा.
जुनी शैलजा म्हणाली असती, आधी तुझा काटा तपास.
ही थांबली.
बुटावरचं फोलपट झटकलं नाही.
'मी याची नोंद घेते.'

त्यात हो नव्हतं. नाहीही नव्हतं.
दाणा पुन्हा वर गेला होता.

कंपनी आता पुरती माझी आहे.
निवर्तीचा रुपया अजून द्यायचाय.